चार फरशांचं अंतर

परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, शनिवारी कुत्रा आणतोय. मांजराशी ओळख कशी करून द्यायची ते सांग." मी तेव्हा कुकर लावत होते, म्हणून "सांगते" एवढ्यावरच फोन ठेवला. आता सवडीने लिहिते. पहिलं हे, की ओळख तू करून द्यायचीच नाहीस. ती दोघं करतील, आणि कधी करायची ते मांजर ठरवेल. आपण फक्त दारं उघडायची आणि लावायची. हे मला आधी माहीत असतं तर आमच्याकडे पहिले दोन आठवडे जे रामायण झालं ते झालं नसतं.

आमच्या आजोळी, संगमेश्वराकडे, मोत्या नावाचा कुत्रा होता आणि एक मांजर होती. मांजरीला नाव नव्हतं, ती नुसती "मांजर". मोत्या अंगणात आणि पडवीत. उंबरठ्यावर नाक टेकून बसायचा, पण पाय कधी आत टाकला नाही. मांजर वैलाच्या उबेला, नाहीतर माळ्यावर कणगीच्या आडोशाला. माशांची पाटी दारात उतरली की तेवढ्यापुरती दोघांची गाठ पडायची, मोत्या एकदा गुरगुरायचा, ती एकदा फिस्कारायची, आणि आजी दोघांना एकेक डोकं टाकून वाटेला लावायची. कितीतरी वर्षं असं चाललं. कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. घरच तसं बांधलेलं होतं, खालचं त्याचं, वरचं तिचं, आणि मध्ये उंबरठा.

इथे सिंगापुरात, आमच्या बेडोकच्या फ्लॅटला पडवी नाही, परसू नाही, माळ्याचं तर नावच नको. इथल्या हिशेबाने आमचा "चार खोल्यांचा", म्हणजे तीन बेडरूम आणि हॉल, साधारण नव्वद चौरस मीटर, सगळं एका सपाटीवर, आणि तेही नवव्या मजल्यावर. तुझंही तसंच. तेव्हा उंबरठा आणि माळा दोन्ही आपणच तयार करायचे. कुत्र्याला खोकला झाला तर काय, पलंगावर घ्यावं की नाही, हे तुला कुणीही सांगेल. माझं सांगणं बहुतेक या दोनच गोष्टींभोवती आहे.

आमची चूक ऐक. आमची मांजर, ठकी, घरी आली ती 2024 च्या अखेरीस. त्याच वर्षी 1 सप्टेंबरपासून सरकारी फ्लॅटमध्ये मांजर पाळायला परवानगी मिळाली. 1989 पासून बंदी होती, आणि तरी अर्ध्या ब्लॉकमध्ये पडद्याआडून मिशा दिसायच्या, ते सोड. पुढच्या वर्षी मुलाने भुऱ्याला आणलं. गावठी कुत्राच, इथे त्याला ऐटीत "सिंगापूर स्पेशल" म्हणतात. मुलगा त्याला घेऊन लिफ्टमधून वर आला, दार उघडलं, आणि नातवाने टाळ्या वाजवत दोरी सोडली. ठकी सोफ्याच्या पाठीवर झोपलेली. भुऱ्या आनंदाने धावला, खरंच आनंदाने, त्याच्या मनात पाप नव्हतं. ठकीला ते कसं कळावं? ती सोफ्यावरून टीव्हीच्या कपाटावर, तिथून स्वयंपाकघरात, तिथून मागे कपडे वाळत घालतो त्या खिडकीच्या कठड्यावर, आणि तिथून सरळ बाहेर झेपावली. खिडकीला जाळी होती. ती जाळीला चिकटून लोंबकळली, चारी पायांनी, आणि मी खाली बघितलं नाही. एवढंच सांगते.

त्यानंतर दोन दिवस ती वॉशिंग मशीनच्या मागे. खाल्लं नाही. मी म्हटलं, रुसलीये, खाईल भूक लागली की. डॉक्टरांनी मला चांगलंच सुनावलं. कुत्रा दोन दिवस उपाशी राहिला तर निभतं, मांजराचं तसं नसतं. मांजर दोन-तीन दिवस अन्नाला शिवलं नाही, विशेषतः जरा जाडजूड असलं, तर अंगातली चरबी यकृतात साचायला लागते आणि ते जिवावर बेततं. म्हणून नवा कुत्रा आल्यावर मांजर किती फिस्कारते ते मोजू नकोस, किती खाते ते मोज. एक दिवस पूर्ण उपास झाला की फोन उचल. आणि तुमचा बोका आहे ना, त्याच्यासाठी आणखी एक. ताणाने बोक्यांची लघवी अडते. मातीच्या पेटीत पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि खाली काही नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच टॅक्सी करायची.

तर आम्ही सगळं पुसून पहिल्यापासून सुरू केलं.

मांजराला एक खोली. पाहुण्यांची असेल ती, किंवा मुलांची, पण दार लागणारी. त्यात तिचं पाणी, खाणं, मातीची पेटी, लपायला एक खोकं, आणि उंच जागा. उंच म्हणजे तुझ्या खांद्याइतकी तरी. कपाटावरचं सामान काढून टाक, वर जुनी गोधडी घाल, चढायला मध्ये एक स्टूल ठेव, झालं. दुकानातले मांजरांचे मनोरे महाग असतात आणि बऱ्याचदा हलतात, हलणाऱ्या वस्तूवर मांजर विश्वास टाकत नाही. खाणं आणि मातीची पेटी शेजारी शेजारी नको, तुला न्हाणीघरात जेवायला बसवलं तर बसशील का?

नव्याला कोंडायचं की जुन्याला, यावर घरात वाद होतो. दिवसाचे काही तास मांजर खोलीत आणि कुत्रा हॉलमध्ये, मग कुत्रा दुसऱ्या खोलीत आणि मांजर हॉलमध्ये, असं आलटून पालटून कर. म्हणजे तिचं घर तिच्या हातून गेलं असं तिला वाटत नाही, आणि कुत्रा नसताना ती त्याचा वास घेत निवांत फिरते. ठकी भुऱ्याच्या अंथरुणापाशी पहिल्यांदा गेली तेव्हा पंधरा मिनिटं हुंगत होती. आपण एखाद्याचं स्थळ बघायला जाऊन एवढी चौकशी करत नाही.

वास हे यातलं मुख्य. माझ्या एका जुन्या नऊवारीचे दोन तुकडे केले. एक ठकीच्या गालांवरून फिरवला, मांजराच्या गालापाशी तिचा वास असतो, ती खुर्चीच्या पायाला गाल घासते ती उगाच नाही. दुसरा भुऱ्याच्या मानेवरून, पाठीवरून. मग अदलाबदल. तिचा तुकडा त्याच्या ताटलीखाली, त्याचा तिच्या ताटलीपासून हातभर लांब. ती बघून जेवली की दुसऱ्या दिवशी वीतभर जवळ. ती मागे सरली की आपणही मागे. हे चार दिवसांत होईल किंवा तीन आठवड्यांत. सुती कापड घे, नायलॉनवर वास नीट बसत नाही असा माझा अनुभव, आणि धुतलेलं असलं तरी डांबराच्या गोळ्यांच्या ट्रंकेतलं नको.

मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांची जेवणं. आधी दारापासून लांब, रोज थोडं जवळ. फटीखालून एकमेकांचा श्वास ऐकू येत असताना दोघं निवांत जेवली, असं तीन-चार वेळा झालं की दार उघडायचं, पण मध्ये लहान मुलांसाठी लावतात तसलं जाळीचं फाटक. त्यावर सुरुवातीला चादर टाक, मग चादर वर वर सरकव. आमच्या फाटकावरून ठकी सहज उडी मारते. मारू दे. तिला येता यावं आणि त्याला जाता येऊ नये, हाच तर उंबरठा.

आता समोरासमोर. त्या दिवशी भुऱ्याला मुलाने सकाळी साडेसहाला बाहेर काढलं. इथे सातच्या आसपास उजाडतं, तोवर हवा बरी असते. बेडोक रिझर्व्हॉयरची अख्खी फेरी चार किलोमीटरच्या वर भरते, ती करवली. दमलेल्या कुत्र्याची अर्धी आगाऊगिरी तिथेच तळ्यावर राहते. घरी आणून पाणी, मग पोटभर नाही पण थोडं खाणं, मग अर्धा तास पडू दिलं. मग दोरी लावून हॉलच्या एका टोकाला मुलगा खाली बसला, दुसऱ्या टोकाला ठकी कपाटावर. तिला कुणी उचलून आणली नाही. हे तुझ्या नवऱ्याला नीट सांग, मांजर कडेवर घेऊन कुत्र्यासमोर धरायची नाही. घाबरली तर ती तुझ्या खांद्यावरूनच पळेल, आणि नखांनिशी.

नातवाकडे खाऊचा डबा दिला होता. भुऱ्याने ठकीकडे बघून मान वळवली, आमच्याकडे पाहिलं, की एक तुकडा. पुन्हा बघितलं, पुन्हा मान वळवली, पुन्हा तुकडा. मांजर दिसली की माणसाकडे बघायचं, एवढंच त्याला शिकवायचं असतं. पाच मिनिटं. मग बंद. मुलांना वाटतं आता छान चाललंय तर आणखी थोडं. तिथेच घोटाळा होतो. छान चाललेलं असतानाच उठायचं, ही गोष्ट पाहुणचारालाही लागू आहे, पण ते राहू दे. आणि कुत्र्याला मांजरीसमोर ओरडायचं नाही. त्याला एवढंच कळतं, की ही बया दिसली की मला शिव्या बसतात.

त्यांच्या अंगावर काय लिहिलेलं असतं ते वाचायला शीक. कुत्र्याचं तोंड उघडं, जीभ बाहेर, कंबर सैल, शेपूट अख्ख्या ढुंगणासकट हलतंय, तर ठीक. तोंड मिटलं, अंग ताठ झालं, नजर तिच्यावर खिळली आणि हाक मारूनही कान हलला नाही, तर लगेच दोरीने बाजूला घे आणि दुसऱ्या खोलीत ने. भुंकणारा कुत्रा मला तितका नाही भीतिदायक वाटत, मुका होऊन टक लावणारा वाटतो. मांजरीचे कान डोक्याला चिकटले, बुबुळं काळीभोर झाली, शेपटी फुलून बाटलीच्या ब्रशासारखी झाली, तर आजचं पुरे. गंमत म्हणजे शेपटीच्या बाबतीत दोघांची भाषाच उलटी. कुत्रा हलवतो तेव्हा बहुधा खूश असतो, मांजर जोरजोरात आपटते तेव्हा वैतागलेली असते. निम्मी भांडणं या भाषांतराच्या चुकीने होत असणार. ती बसल्या बसल्या त्याच्याकडे बघून डोळे सावकाश मिटायला लागली, पंजे पोटाखाली दुमडून बसली, की समज, गाडी रुळावर आली.

एक सांगायचं राहिलं, कुत्रा कोणता आणताय ते तू बोललीच नाहीस. सरकारी फ्लॅटमध्ये एकच कुत्रा चालतो, आणि तोही ठरलेल्या छोट्या जातींच्या यादीतला. गावठी घ्यायचा तर 2012 पासून "प्रोजेक्ट अडोअर" नावाची योजना आहे, त्यात खांद्यापाशी 55 सेंटिमीटरपर्यंत उंचीचा, संस्थेने पारखून दिलेला कुत्रा मिळतो. आमचा भुऱ्या त्यातूनच आला. मांजरी दोन चालतात, म्हणजे तुमचा एक बोका आणि एक कुत्रा कायद्यात बसतात. बोक्याची चिप बसवली आहेस ना? नोंदणीसाठी 31 ऑगस्ट 2026 पर्यंत दोन वर्षांची मुदत दिलेली आहे, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस, तुझ्या सगळ्या कामांसारखी. पण यादीत आहे, छोटा आहे, म्हणून गरीब असेल असं समजू नको. यॉर्कशायर टेरियर बाहुलीसारखा दिसतो, पण टेरियरचे पूर्वज उंदीर मारायला पोसलेले. पळणारं लहान केसाळ काही दिसलं की त्याच्या रक्तातलं जागं होतं. शिह त्झू, पग ही त्या मानाने गादीवरची माणसं. पिल्लू आणलंत तर दंगा जास्त पण शिकवता येतं, थोराड कुत्रा शांत असतो पण तो मांजरांसोबत राहिलाय का हे संस्थेला आधी विचार. त्या लोकांना खरं माहीत असतं, आणि बहुतेक वेळा ते खरं सांगतात, कारण कुत्रा परत आला तर त्रास त्यांनाच.

गावाकडे लोक म्हणतात ही जन्माची वैरं. मला तसं वाटत नाही. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात आणि षष्ठीदेवीचं वाहन मांजर. दोन्ही दैवतं एकाच देवघरात गुण्यागोविंदाने नांदतात, फक्त जागा वेगवेगळी.

औषधाचं मात्र नीट ऐक, यात हयगय केलीस तर माझ्याकडे रडत येऊ नकोस. इथे थंडी पडत नाही, त्यामुळे पिसवा आणि गोचीड बारा महिने. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांच्या औषधात पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला ते विष आहे. तिने नुसतं त्याच्या अंगाला अंग घासलं किंवा त्याची मान चाटली तरी आचके येऊ शकतात. म्हणून डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं, की "घरात मांजर आहे". ते त्याप्रमाणे दुसरं औषध देतात. उरलेला डोस मांजराला अर्धा टाकू, ही काटकसर करू नको. आणि कुत्रा संस्थेतून येणार असेल तर अंगावर कुठे गोल, केस गेलेली, खवले धरलेली जागा आहे का बघ. गजकर्ण असेल तर ते मांजरालाही होतं, तुलाही होतं, आणि मग सगळ्या चादरी उकळत बस.

खाणं एकमेकांचं खाऊ द्यायचं नाही. मांजरीचं खाणं चरबट, कुत्र्याला ते फार आवडतं आणि मग पोट बिघडतं. उलट मांजर कुत्र्याच्या खाण्यावर जगू शकत नाही, तिला टॉरिन लागतं, ते नसेल तर डोळ्यांवर आणि हृदयावर परिणाम होतो. ठकीची ताटली आम्ही ओट्यावर ठेवतो. सूनबाईंना ते पटत नाही. मातीची पेटी कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेव, कारण, आता जेवणाच्या वेळी वाचत असशील तर हे वाक्य सोड, कुत्र्यांना तो खाऊच वाटतो. पण पेटीला एकच वाट असू नये. तिथे बसलेली असताना कुत्र्याने कोंडीत पकडलं की ती पुन्हा त्या पेटीत जायची नाही, तुझ्या गादीवर जाईल.

तिची नखं आधीच थोडी काढून ठेव, पंजा एकदा बसला तर कुत्र्याच्या डोळ्यावर बसतो. पग, शिह त्झू यांचे डोळे तर बाहेरच असतात. आणि कधी चावाचावी झालीच तर वरून बारीक भोक दिसलं तरी डॉक्टरकडे ने. मांजराच्या दाताची जखम वरून मिटते आणि आत पू धरते.

वीज कडाडत असताना हे काहीच करू नकोस. दुपारी आभाळ भरून आलं की भुऱ्या टेबलाखाली थरथरत असतो, तेव्हा त्याला मांजर दाखवणं म्हणजे परीक्षेच्या दिवशी पाहुणे बोलावणं. दिवाळीच्या आठवड्यातही नको. तुझ्याकडे फराळाला मंडळाची माणसं येणार, दार सारखं उघडं, आणि बाहेरचं लोखंडी जाळीदार फाटक तुला वाटतं तेवढं बंद नसतं, त्याच्या गजांतून मांजर सहज सटकते. रात्री आणि तुम्ही ऑफिसला गेलात की दोघं वेगळ्या खोल्यांत, पहिले दोन-तीन महिने तरी. "आता जमलंय" असं वाटल्यावर आणखी पंधरा दिवस धर. कुत्रा एकटा भुंकत राहिला तर शेजारी तक्रार करतील हेही आहेच, आमच्या समोरच्या आँटीने पहिल्या आठवड्यात तीनदा बेल वाजवली. चौथ्यांदा आली ती भुऱ्यासाठी उकडलेलं चिकन घेऊन.

किती दिवस लागतील असं विचारशील. आम्हाला, ती पहिली धावपळ धरून, चार महिने लागले. ती न होती तर दीड-दोन महिन्यांत झालं असतं असं माझं मत. आणि झालं म्हणजे काय, तेही सांगते. फोनवर फिरतात तसले गळ्यात गळा घालून झोपलेले फोटो आमच्याकडे नाहीत. दुपारी हॉलमध्ये पंख्याखाली भुऱ्या पसरतो, ठकी त्याच्यापासून चार फरशा सोडून. मी मोजल्यात. कधी तीन होतात, तेव्हा ती एकदा शेपूट आपटते आणि तो उठून एक फरशी मागे सरकतो. एवढं मला पुरे आहे, त्यांनाही पुरे दिसतंय.

आता शनिवारचं. मागच्या महिन्यात तुझ्याकडे आले होते तेव्हा स्वयंपाकघरामागच्या खिडकीला जाळी नव्हती, "सांगितलंय जाळीवाल्याला" असं तू म्हणाली होतीस. बोका आजवर त्या कठड्यावर नुसता ऊन खात बसत असेल. कुत्रा आल्यावर तो तिथे बसायला जाणार नाही, पळून जाणार आहे. तेव्हा आजच फोन कर, जाळी लागली की कोपऱ्यांवर हाताने जोर लावून बघ, आणि मला फोटो पाठव. शुक्रवारपर्यंत फोटो आला नाही, तर कुत्रा त्यानंतरच्या शनिवारी आणायचा.